नाशिकच्या मुलानं पूलमध्ये ‘प्रो’ व्हावं का? टेबल, पैसा आणि मधली रिकामी पायरी

प्रश्न असा आहे: मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. कॉलेज रोडवरच्या एका पार्लरमध्ये पूल (क्यूनं, म्हणजे लांब काठीनं, बॉल टेबलाच्या पॉकेटात घालायचा खेळ) खेळतो आणि तिथं त्याला हरवणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. सौदी अरबस्तानातल्या जेद्दाहच्या जागतिक पूल स्पर्धेचे व्हिडिओ बघून तो म्हणतो, विजेत्याला अडीच लाख डॉलर मिळतात, मलाही हेच करायचंय. वडील विचारतात, या खेळात खरंच पोट भरतं, की सगळा वरवरचा झगमगाट आहे?

झगमगाट खोटा नाही. तो फक्त फार थोड्यांवर पडतो. ढोबळमानानं सांगायचं तर जगातल्या पहिल्या तीस-चाळीस जणांचं पूलवर बरं चालतं. त्यांच्या खालच्यांची ओढाताण असते आणि त्याखालचे घरून पैसे आणून खेळतात. कुठल्याही खेळात असंच असतं, असं कुणी म्हणेल. पण क्रिकेटमध्ये रणजी खेळणाऱ्यालाही मानधन मिळतं. टेनिसमध्ये खालच्या पातळीच्या स्पर्धांची का होईना, उतरंड आहे. पूलमध्ये पार्लरचा राजा आणि जेद्दाहचा खेळाडू यांच्या मधली पायरीच धड बांधलेली नाही. माझी खरी तक्रार या मधल्या जागेबद्दल आहे, आणि तुमच्या मुलाचा प्रश्नही तिथंच अडतो.

पैशाचं आधी बघू. वर्ल्ड पूल चॅम्पियनशिप २०२४ पासून दहा वर्षांसाठी जेद्दाहला गेली. एकूण बक्षीस दहा लाख डॉलर, खेळाडू १२८, आणि त्यातला पाव हिस्सा एकट्या विजेत्याला. २०२४ मध्ये तो फेडोर गॉर्स्टनं नेला, २०२५ मध्ये कार्लो बियाडोनं. उरलेले साडेसात लाख १२७ जणांत उतरत्या क्रमानं वाटले जातात. लवकर हरणाऱ्याचा हिशोब विमान, व्हिसा आणि हॉटेल यांतच संपतो. शिवाय हा पैसा एकाच देशाच्या तिजोरीतून येतो. त्यांची मर्जी फिरली तर मागं काय उरेल, याचं उत्तर आयोजकांकडेही नसावं.

या खेळानं असा फुगा आधी पाहिलाय. २००५-०६ मध्ये केव्हिन ट्रूडो नावाच्या अमेरिकी विक्रेत्यानं इंटरनॅशनल पूल टूर काढली. २००६ मध्ये रीनोच्या स्पर्धेत एफ्रेन रेयेसला पाच लाख डॉलरचं पहिलं बक्षीस जाहीर झालं. स्पर्धा संपली आणि खेळाडूंना पैसे वेळेवर मिळाले नाहीत. हप्त्याहप्त्यानं देणं सुरू झालं आणि टूर गुंडाळली गेली. आजचे आयोजक, म्हणजे मॅचरूम, त्या जातीचे नाहीत. ते स्नूकर आणि डार्ट्समध्ये मुरलेले लोक आहेत, पैसे देतात आणि दाखवतातही छान. पण २०२४ मध्ये त्यांची वर्ल्ड नाइनबॉल टूर (नाइनबॉल म्हणजे एक ते नऊ नंबरांच्या बॉलांचा पूल, सगळ्यात लहान नंबराला आधी मारायचं) आणि पूलची जागतिक संघटना यांच्यात उघड जुंपली. मान्यता नसलेल्या स्पर्धेत खेळलात तर बंदी, असे इशारे निघाले. संघटना म्हणत होती खेळाडू आमचे, आयोजक म्हणत होते पैसा आमचा. मधल्या मध्ये व्हिएतनाम-फिलिपाइन्सचा पोरगा विचारत होता की यंदा कुठं नाव नोंदवू? माझं मत स्पष्ट आहे. ज्या संघटनेला खेळाडूला वर्षाचं वेळापत्रक देता येत नाही, तिनं बंदीची भाषा करू नये. आणि आयोजकांनीही वरच्या बक्षिसातला थोडा भाग काढून पहिल्या दोन फेऱ्यांत हरणाऱ्यांचा प्रवासखर्च भागवावा. विजेत्याला अडीच लाखांऐवजी पावणेदोन लाख मिळाले म्हणून एकही प्रेक्षक कमी होणार नाही.

आता मुलाच्या खेळाकडे. पार्लरमध्ये सगळ्यांना हरवणं म्हणजे नेमकं किती, हे मोजता येतं. जगभर फार्गो रेटिंग वापरतात. त्याचं गणित सोपं आहे: दोघांत १०० गुणांचं अंतर असेल, तर वरचा दोन रॅक (एक रॅक म्हणजे एक डाव) जिंकतो तेव्हा खालचा एक. अंतर २०० झालं की चारास एक. जगातले अव्वल खेळाडू ८३० च्या आसपास आणि त्याहून वर आहेत. चांगला पार्लरवाला, ज्याला गावात सगळे ओळखतात, तो बहुतेक वेळा ५५०-६०० मध्ये असतो. म्हणजे त्याच्या वाट्याला पाच-सहा रॅकमागे जेमतेम एक.

याच गणितातून लहान सामन्यांचा गोंधळही कळतो. प्रत्येक रॅक जिंकण्याची शक्यता एक-तृतीयांश असलेला खेळाडू नऊ रॅकच्या शर्यतीत (आधी नऊ जिंकेल तो विजेता) शंभरातून सात-आठ वेळाच जिंकेल. शर्यत पाचाची केली, की तोच चौदा-पंधरा वेळा जिंकतो. पार्लरमधल्या रविवारच्या स्पर्धा तीनाच्या नाहीतर पाचाच्या असतात. तिथली ढाल घरी आणून मुलगा कुठल्या पातळीवर आहे हे ठरवू नका. टीव्हीलाही लहान सामने आवडतात, कारण मोठा खेळाडू पडला की बातमी होते. पण लहान शर्यतींवर कुणाचाही वर्षभराचा संसार उभा राहत नाही. दर आठवड्याला नशीब पणाला लावायचं आणि खर्च मात्र ठरलेला, असा तो मामला होतो.

तरीही रेटिंगपेक्षा मोठं अंतर टेबलात आहे, आणि ते आपल्याकडे कुणी मोजतच नाही.

टेप घ्या आणि पार्लरच्या कोपऱ्यातल्या पॉकेटचं तोंड मोजा. रबराच्या दोन टोकांमधलं अंतर, कापडासकट. जागतिक नियमांत हे साडेचार ते चार पूर्णांक पाच-अष्टमांश इंच आहे. मॅचरूमच्या मोठ्या स्पर्धांत ते चार इंचांवर आणलंय. आपल्याकडे पाच इंच सर्रास सापडतं. पूलचा बॉल ५७.१५ मिमीचा. पाच इंचांच्या तोंडात तो गेल्यावर ७० मिमी मोकळी जागा उरते, चार इंचांत फक्त ४४ मिमी. टेप नसेल तर दोन बॉल शेजारी शेजारी ठेवून पॉकेटच्या तोंडात सरकवा. दोन बॉल म्हणजे बरोब्बर साडेचार इंच. ते दोन्ही एकदम सैल आत गेले तर त्या टेबलावर केलेल्या रन-आउटचं, म्हणजे एका दमात सगळे बॉल घालण्याचं, फार कौतुक नको. मोठ्या पॉकेटमध्ये बॉल जबड्याला, म्हणजे पॉकेटच्या तोंडाच्या कडांना, घासूनही आत जातो. त्यामुळे पोरांना जोरात मारायची सवय लागते. चार इंचांवर तोच फटका जबड्यात खडखडून बाहेर येतो. घट्ट पॉकेटवर वेग कमी करावा लागतो, वेग कमी केला की पोझिशनचा, म्हणजे पुढच्या फटक्यासाठीचा, कोन अचूक सोडावा लागतो, आणि इथून सगळा खेळच बदलतो.

टेबलाचा आकारही बघा. पार्लरमध्ये बरेचदा आठ फुटी टेबल असतं. व्यावसायिक नऊ फुटी टेबलाचा खेळायचा भाग १०० इंच बाय ५० इंच. ५८ इंची क्यू चहूबाजूंनी मोकळा फिरायचा तर खोली किमान १८ फूट बाय १४ फूट हवी. स्नूकरच्या बारा फुटीला २२ बाय १६ लागते. गंगापूर रोडसारख्या ठिकाणचं भाडं बघता मालक आठ फुटी तीन टेबलं लावतो, नऊ फुटी दोन नाही. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण मुलाचा सराव कुठं होतोय हे ओळखून असा.

कुशनची, म्हणजे कडेच्या रबराची, उंची ही दुसरी दुर्लक्षित गोष्ट. रबराची नाकाची धार बॉलच्या व्यासाच्या साधारण ६३.५ टक्के उंचीवर, म्हणजे ३६ मिमीच्या किंचित वर हवी. नवं कापड लावताना कारागिरानं रेल खाली-वर बसवली, किंवा स्वस्त रबर लावलं, तर दोन प्रकार होतात. धार खाली असली की जोराच्या फटक्याला बॉल उडी मारतो, वर असली की बॉल खाली दाबला जाऊन मेल्यासारखा परततो. दोन्हींत बँक (रंगीत बॉल कुशनवर आपटून घालणं) आणि किक (पांढरा आधी कुशनवर आपटून मारणं) यांचे कोन चुकतात. टेबलाच्या कडेवरच्या हिऱ्यांच्या खुणांवरून किक मोजायला शिकलेला मुलगा स्पर्धेच्या टेबलावर पहिल्या तासाभरात गोंधळतो, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

आणि क्यू बॉल, म्हणजे ज्याला क्यूनं मारतात तो पांढरा. सेटमधला पांढरा हरवला की पार्लरवाला दुसऱ्या सेटमधला आणतो. नियमात बॉलचं वजन साडेपाच ते सहा औंस, म्हणजे १५६ ते १७० ग्रॅम. त्या पट्ट्यातसुद्धा पांढरा बाकीच्यांपेक्षा पाच-सात ग्रॅम जड असला की स्क्रू (पांढरा मागं खेचणं) कमी येतो आणि स्टन (पांढरा जागीच थांबवणं) मारायला जावं तर बॉल पुढं सरकतो. झिजून हलका झाला असेल तर उलट: स्क्रू फुकटात येतो आणि मुलाला वाटतं आपला हात सुधारला. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर पांढरा आणि दोन-तीन रंगीत बॉल वजन करून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. मळलेल्या बॉलांचा त्रास वेगळाच. दोन बॉल टेकताना घर्षण वाढतं आणि पातळ कट ‘फेकले’ जातात, म्हणजे ज्याला मारायचं तो ऑब्जेक्ट बॉल ठरलेल्या रेषेपेक्षा जाड बाजूला सरकतो. बॉल रोज ओल्या फडक्यानं आणि मग कोरड्यानं पुसले तरी यातला बराचसा त्रास जातो.

सपाटी तपासायला लांब कुशनपासून इंचभर अंतरावरून बॉल अगदी हळू सोडा, दोन्ही टोकांकडून. सुरुवातीच्या भागाकडे बघू नका, शेवटच्या फूटभरात तो कुठं झुकतो ते बघा. मिस्त्री लोक गवंड्याची पातळी लावून ‘लेव्हल आहे’ म्हणतात. त्या पातळीला इतका फरक दिसत नाही. नाशिकमध्ये तर याला निमित्तही नाही. सातपूर-अंबडच्या कुठल्याही टूलरूममध्ये मशिन लेव्हल असते, मीटरला दोन शतांश मिलिमीटर दाखवणारी. ती स्लेटच्या, म्हणजे कापडाखालच्या दगडी फरशीच्या, तिन्ही तुकड्यांवर उभी-आडवी लावायची. आधी मधला तुकडा, मग दोन्ही टोकांचे, आणि सांधे शेवटी भरायचे. आधी सांधे भरून मग पाय फिरवले तर सांध्यात चीर पडते आणि महिनाभरात कापडाखाली रेघ जाणवू लागते. टेबल टाइल्सच्या जमिनीवर असेल तर पायाखाली रुंद पट्टी द्या. नऊ फुटीची एकटी स्लेटच अडीचशे किलोच्या पुढे जाते, आणि पोकळ बसवलेली टाइल त्या वजनानं दबते.

पावसाळा हा आपल्याकडचा खास प्रश्न. जुलै ते सप्टेंबर नाशिकची हवा इतकी ओली असते की लोकरी कापड पाणी ओढून जड होतं. स्नूकरचं लव असलेलं कापड त्यात जास्त मार खातं: बॉल लवकर थांबतो, आणि बॉलवर चॉक चिकटून ‘किक’ येते (वरच्या किकहून वेगळी), म्हणजे दोन बॉल क्षणभर चिकटल्यासारखे होऊन दिशा बिघडते. पूलचं विणीचं, लव नसलेलं कापड तुलनेनं बरं, पण तेही ढिलं पडतं. एसी ‘ड्राय’वर ठेवणं, रात्री टेबल झाकणं आणि आधी ब्रश मारून मगच इस्त्री फिरवणं एवढं तरी व्हावं. स्नूकरमध्ये ब्रश नेहमी बॉकच्या बाजूकडून (जिथून खेळ सुरू होतो) काळ्याच्या दिशेनं, लव जिकडे झुकते तिकडेच. स्नूकरच्या मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली हीटर असतात, त्यामुळे कापड बारा महिने कोरडं आणि वेगवान राहतं. ऑगस्टमध्ये नाशिकला सराव केलेल्या मुलाचा हात अशा टेबलावर पहिल्या दिवशी दीड-दोन फूट जास्तीचा जातो. हात चुकीचा नसतो, सवय वेगळ्या टेबलाची असते.

ब्रेकबद्दल, म्हणजे रॅक (रचलेले बॉल) फोडणाऱ्या पहिल्या फटक्याबद्दल, दोन शब्द, कारण व्हिडिओ बघून पोरं सगळ्यात जास्त इथंच फसतात. पूर्वी नाइनबॉलमध्ये एक नंबर टेबलावरच्या ठरलेल्या खुणेवर असायचा. घट्ट रॅकमधून कडेचा बॉल कोपऱ्यात जवळपास आपोआप जाई, आणि ब्रेक म्हणजे फुकटची चावी झाली होती. म्हणून आता मोठ्या स्पर्धांत नऊ नंबर खुणेवर ठेवतात. त्यामुळे रॅक ब्रेक करणाऱ्याकडे सुमारे ९९ मिमी सरकतो आणि कडेच्या बॉलची जुनी रेषा मोडते. त्यात ब्रेक फक्त मधल्या चौकटीतून. काही ठिकाणी तीन बॉल तरी पॉकेटात जावेत किंवा हेड स्ट्रिंग (ब्रेक करणाऱ्याकडची रेषा) ओलांडून यावेत, असाही नियम असतो, म्हणजे हळू ब्रेक करून ठरावीक बॉल काढण्याची सोय संपली. पार्लरमध्ये लाकडी त्रिकोणानं, हातानं दाबून लावलेला रॅक असतो. त्यात फटी राहतात आणि ताकद वाया जाते. स्पर्धेत पातळ प्लॅस्टिकची रॅक-शीट असते, तिनं बॉल एकमेकांना टेकूनच बसतात. ती शीट स्वस्त आहे. मुलाला महागडा ब्रेक क्यू घेण्याआधी ती घ्या.

मग चाचणी घ्या. नऊ नंबर खुणेवर, शीट लावून, वीस ब्रेक. तीन गोष्टी लिहा: बॉल पडला का, पांढरा टेबलाच्या मध्यावर थांबला का, आणि सगळ्यात लहान नंबर दिसतो का. ताकद लिहू नका. वीसांपैकी दहा वेळा तिन्ही जमत नसतील तर जोर कमी करून पांढऱ्याच्या अगदी मध्यावर मारायला सांगा. पांढरा उडून बाहेर जातो याचं कारण क्यूची मागची बाजू वर उचललेली असते, जोर कमी पडलेला नसतो. दुसरी चाचणी ‘घोस्ट’ची: ब्रेक करायचा, पांढरा हातात घ्यायचा, एकही चूक न करता नवापर्यंत साफ करायचं. जमलं तर गुण आपला, चुकलं तर भुताचा. नऊची शर्यत. साडेचार इंची पॉकेटवर नाइनबॉलच्या भुताला सहज हरवता येत नसेल, तर अजून परदेशी स्पर्धेचा विषय काढू नका. व्यावसायिक खेळाडू दहा बॉलच्या भुताला, घट्ट पॉकेटवर, थकलेल्या दिवशीही हरवतात.

स्नूकरचं गणित वेगळं आहे, आणि माझ्या मते भारतीय मुलासाठी जास्त स्वच्छ आहे. जिना उभा आहे, पण तो इंग्लंडमध्ये आहे. जागतिक स्पर्धेत विजेत्याला पाच लाख पौंड, क्रूसिबलमध्ये, म्हणजे मुख्य फेरीच्या सभागृहात, पहिल्याच फेरीत हरणाऱ्यालाही वीस हजार. पात्रता फेरीच्या अगदी पहिल्या सामन्यात हरणाऱ्याला शून्य. टूरचं कार्ड, म्हणजे व्यावसायिक स्पर्धा खेळायचा परवाना, दोन हंगामांचं असतं, आणि क्यू स्कूल नावाच्या पात्रता स्पर्धेतून किंवा काही ठरावीक हौशी स्पर्धा जिंकून ते मिळतं. कार्ड मिळालेल्याला हंगामाला वीस हजार पौंडांची हमी देण्याची पद्धत अलीकडे आली, ती कमाईतून वळती होते. रुपयांत वीस लाखांहून जास्त होणारी ही रक्कम ऐकायला बरी वाटते, पण राहणं, टेबलभाडं, रेल्वे, हॉटेल असा इंग्लंडचा वर्षाचा खर्च काढला की हातात फारसं उरत नाही. पंकज अडवाणीनं २०१२ ते २०१४ हा मार्ग धरला आणि मग सोडला. आदित्य मेहता २०१३ मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनच्या अंतिम फेरीत पोहोचला, डिंग जुनहुईकडून हरला. मुंबईचा ईशप्रीतसिंग चढ्ढा २०२४ मध्ये इंग्लिश ओपनच्या उपांत्य फेरीपर्यंत गेला. म्हणजे दार बंद नाही. पण इंडियन ओपन दिल्ली, मुंबई, हैदराबाद, विशाखापट्टणम असं फिरून २०१९ च्या कोचीनंतर थांबलं. घरच्या मैदानावर मोठ्या खेळाडूंशी चार सामने खेळायला मिळायचे, तेही गेलं.

मधली पायरी नसली की काय होतं, हे २०२३ मध्ये स्नूकरनं पाहिलं. सामना-निश्चितीच्या प्रकरणात दहा चिनी खेळाडूंवर बंदी आली, दोघांवर आजन्म. त्यातले काही जेमतेम विशीतले, घरापासून हजारो मैल लांब. गुन्हा तो गुन्हाच. पण खालच्या फेरीत हरून शून्य कमावणाऱ्या पोराला सामना सोडायचे पैसे देऊ करणारा माणूस नेमका कुठं उभा असतो, हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. त्याच प्रकरणात वीस महिने बाहेर बसलेला झाओ शिनटाँग परत आला आणि २०२५ मध्ये जगज्जेता झाला. अशी गुणवत्ता हाताशी असणारी पोरं थोडी. बाकीच्यांची नावं कुणाला आठवतही नाहीत.

तीनच बॉलांच्या बिलियर्ड्सबद्दल लिहिताना हात जड होतो. आपण जगात सगळ्यात मोठे इथंच आहोत आणि पैसा सगळ्यात कमी इथंच आहे. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ आणि १९६४ मध्ये जागतिक हौशी विजेते झाले. मुंबईचे मायकेल फरेरा १९७७, १९८१ आणि १९८३ मध्ये. गीत सेठींचा १९९२ चा १२७६ चा ब्रेक (इथं ब्रेक म्हणजे एका दमातले गुण) आजही जुने मार्कर (गुण मोजणारे) लोक कालच पाहिल्यासारखा सांगतात. अडवाणीचे स्नूकर-बिलियर्ड्स मिळून जागतिक किताब २०२४ अखेर २८ झाले. एवढं असूनही फक्त बिलियर्ड्स खेळून घर चालवणारा माणूस नाही, कारण बक्षिसाची रक्कम प्रवासखर्चापलीकडे फारशी जात नाही. प्रेक्षक का गेले हेही सरळ आहे. १९३२ मध्ये वॉल्टर लिंड्रमनं ४१३७ चा ब्रेक केला. तेव्हा दुसरा खेळाडू खुर्चीत बसून होता आणि प्रेक्षक जांभया देत असावेत. नियम बदलले, कॅननच्या (एका फटक्यात पांढऱ्यानं दोन्ही बॉल गाठण्याच्या) मालिकेवर मर्यादा आल्या, पांढऱ्यानं ठरावीक टप्प्यावर बॉक रेषा ओलांडायची सक्ती आली. आता १५०-अपचे, म्हणजे आधी १५० गुण करेल तो जिंकेल असे, लहान सामने आहेत. त्यानं खेळ जगला, पण बाजार आला नाही, आणि येईल असंही मला वाटत नाही.

तरी मुलाला बिलियर्ड्स शिकवाच. आठवड्यातून दोन दिवस पुरे. पांढऱ्या बॉलवर ताबा शिकवायला याच्यासारखी शाळा नाही. लाल बॉल समोर ठेवून मधल्या पॉकेटात इन-ऑफ (बॉलला लागून पांढराच पॉकेटात) मारायला लावा: अर्धा बॉल घ्यायचा, साइड (बाजूची फिरकी) न देता, घरंगळता वेग. पांढरा मूळ रेषेपासून सुमारे ३४ अंशांनी वळतो. पाव ते पाऊण बॉलपर्यंत जाडी थोडी चुकली तरी कोन तीस अंशांच्या जवळपासच राहतो. हे एकदा डोळ्यात बसलं की पूलमध्ये पांढरा कुठल्या बॉलांच्या मधून निघेल हे फटक्याआधी दिसू लागतं. पार्लरच्या पोरांना हेच दिसत नाही. ते पॉट करतात आणि मग पांढरा कुठं जातोय ते बघत उभे राहतात.

भारतात पोट कसं भरतं? बक्षिसांवर नाही, नोकरीवर. तेल कंपन्यांचं क्रीडा मंडळ आणि रेल्वे यांनी वर्षानुवर्षं क्यू खेळाडूंना नोकऱ्या दिल्या. अडवाणी स्वतः ओएनजीसीत. तिथं पोहोचायचा रस्ता राज्य स्पर्धा, मग राष्ट्रीय स्पर्धा, आणि तिथं वरच्या फेऱ्यांत सातत्य असा आहे. क्यूचे हे खेळ १९९८ ते २०१० आशियाई स्पर्धांत होते, २०१४ पासून वगळले गेले, आणि २०३० ला दोह्यात परत येताहेत. सरकारी पाठबळ पदकांच्या यादीमागे जातं, त्यामुळे पुढच्या चार-पाच वर्षांत हालचाल वाढण्याची शक्यता आहे. तुमचा मुलगा तेव्हा ऐन वयात असेल. म्हणून पूलच्या जोडीनं स्नूकरही खेळवा आणि पदवी सोडू देऊ नका. खेळाच्या कोट्यातल्या नोकरीलाही शिक्षणाची अट असतेच.

नाशिकमधून हे करायचं तर सराव इथं आणि सामने बाहेर, असंच करावं लागेल. मुंबई-पुण्याच्या जिमखान्यांत चांगल्या टेबलांवर स्पर्धा होतात. पंचवटी एक्स्प्रेसनं सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत येणं पहिल्या फेऱ्यांना जमतं. पण सामना दुपारी उशिरा असेल तर आदल्या रात्री पोहोचा, गाडीतून उतरून थेट टेबलावर गेलेला हात पहिले तीन रॅक फुकट घालवतो. इथल्या पार्लरच्या मालकाशी सकाळच्या रिकाम्या वेळेचा महिन्याचा ठराव करा. तासाला दीडशे धरले, रोज तीन तास, महिन्याला पंचवीस दिवस, तर सव्वाअकरा हजार होतात. सकाळी टेबल रिकामंच असतं, निम्म्यावर तोडपाणी होऊ शकतं. एकट्यानं सराव, फोन बाजूला, वही जवळ. आणि ‘हरणारा फ्रेमचे पैसे भरेल’ या बोलीवर पैशासाठी खेळायला जाऊ देऊ नका. त्यात नैतिक मुद्दा आहेच, पण खेळाचाही आहे. पैसे वाचवायला मुलगा सेफ्टी (समोरच्याला अवघड जागी अडकवणारा फटका) न खेळता फक्त जमणारे पॉट मारतो, आणि समोर मुद्दाम कच्चे भिडू शोधतो.

क्यूवर पैसे उधळू नका. पूलसाठी ५८ इंची, १९ औंसांच्या आसपास, साडेबारा मिमीची टिप असलेला साधा मेपलचा क्यू पुरे. स्नूकरसाठी अ‍ॅशचा, साडेनऊ मिमी टिपचा. कार्बनच्या शाफ्टनं (क्यूच्या पुढच्या भागानं) साइड मारताना पांढऱ्याचं रेषेबाहेर सरकणं थोडं कमी होतं हे खरं, पण ५५० रेटिंगच्या खेळाडूचे चुकलेले फटके त्यामुळे चुकत नाहीत, ते उभं राहण्यामुळे चुकतात. टिप मात्र चांगली घ्या. ती चकाकली की घासून खरबरीत करा, आणि कडा फेरूलच्या (टिपखालच्या नळीच्या) बाहेर फुगली की छाटा. वर सांगितलेल्या दोन्ही चाचण्या आत्ता एकदा घ्या आणि आकडे वहीत ठेवा. मग नोव्हेंबरमध्ये, पाऊस जाऊन कापड कोरडं झाल्यावर, त्याच टेबलावर, वजन करून घेतलेल्या पांढऱ्यानं पुन्हा घ्या. या दोन आकड्यांतला कापडाचा भाग वजा केल्यावर जे उरतं, ते घेऊन पुण्या-मुंबईच्या एखाद्या प्रशिक्षकाकडे जा. त्याला ढाली दाखवू नका, वही दाखवा.